होम-अवे ताकद काढताना भाजक कुठला?

फुटबॉलमध्ये होम (घरच्या मैदानावरच्या) आणि अवे (बाहेरच्या) गुणांचे दोन वेगळे तक्ते स्प्रेडशीटमध्ये लावले तर संघांची खरी ताकद कळेल का, आणि तीच शीट आपल्या कोल्हापूरच्या केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगला चालेल का, असा प्रश्न आहे.

दुसऱ्याचं उत्तर आधी: नाही चालणार. केएसएचे सामने शाहू स्टेडियमवरच होतात. संघ पाटाकडील असो की दिलबहार, मैदान तेच, गॅलरी तीच. ज्याचं नाव डावीकडे लिहिलंय तो संघ शीटला 'होम' वाटतो, बस्स. तिथे होम फॅक्टर (घरच्या मैदानाचा फायदा दाखवणारा गुणक) १ धरा, म्हणजे फायदा नाहीच, आणि प्रत्येक संघाचा आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक आकडा काढा.

आता प्रीमियर लीग. गुण सोडा, गोल घ्या. १-० आणि ५-० ला गुण सारखेच. २०१८-१९ मध्ये ३८० सामन्यांत यजमानांचे ५९६ गोल, पाहुण्यांचे ४७६. म्हणजे सामन्यामागे १.५७ आणि १.२५. मँचेस्टर सिटीने घरी १९ सामन्यांत ५७ केले, १२ खाल्ले. बाहेर १९ सामन्यांत ३८ केले, ११ खाल्ले.

आक्रमण सोपं आहे: संघाचे सामन्यामागचे गोल भागिले लीगची सरासरी. घरी ३.०० ÷ १.५७ = १.९१, बाहेर २.०० ÷ १.२५ = १.६०.

गडबड होते ती बचावात. सिटीने घरी खाल्लेले गोल पाहुण्यांनी मारलेत, म्हणून भाजक १.२५: ०.६३ ÷ १.२५ = ०.५०. बाहेर खाल्लेले यजमानांनी मारलेत, म्हणून १.५७: ०.५८ ÷ १.५७ = ०.३७. इथे आकडा जितका लहान तितका बचाव पक्का. १२ आणि ११ दिसायला सारखेच, पण बाहेरचा बचाव सरस निघतो. दोन्हीकडे एकच सरासरी लावणाऱ्याला हे दिसतच नाही.

पण लगेच 'सिटी बाहेर जास्त भक्कम' असं ठोकून देऊ नका. बाहेरही ०.५० च असता तर साधारण १५ गोल बसले असते. १५ च्या आकड्यात नुसत्या नशिबाचा चढउतार त्याच्या वर्गमूळाएवढा, म्हणजे जवळपास ४. फरकही ४ चाच! १९ सामने यासाठी फार थोडे. म्हणून दोन वेगळ्या रँकिंगच्या नादाला मी तरी लागू देणार नाही. संघाचं आक्रमण एक, बचाव एक, आणि सगळ्या लीगला मिळून एक होम फॅक्टर: ५९६ ÷ ४७६ = १.२५.

हंगामाच्या सुरुवातीला आकडे सरासरीकडे ओढून घ्या. घरच्या ४ सामन्यांत १० गोल म्हणजे २.५०, पण त्यात सरासरीचे ६ काल्पनिक सामने मिसळले की (१० + ६ × १.५७) ÷ १० = १.९४. हा ६ काही वेदवाक्य नाही. मागच्या हंगामावर ३, ६, १० लावून बघा आणि ज्याचा अंदाज कमी चुकतो तो ठेवा. मात्र ज्या सामन्यांवरून आकडे काढले त्यांच्यावरच अंदाज तपासू नका, सगळंच बरोबर आल्यासारखं वाटतं. अर्ध्या हंगामात कुणाच्या वाट्याला कोण आलं यानेही आकडे फिरतात. तेव्हा प्रत्येक सामन्याचे गोल समोरच्याच्या बचावाच्या आकड्याने भागून पुन्हा सरासरी काढा, असं चार-पाच वेळा केलं की आकडे स्थिरावतात.

आणि होम फॅक्टर दर हंगामाला नव्याने काढा. २०२०-२१ मध्ये बहुतेक स्टेडियम रिकामी होती, तेव्हा यजमान १४४ सामने जिंकले आणि पाहुणे १५३. आधीचा १.२५ तिथे लावला की सगळे यजमान उगाच फुगतात.