चुलीवर करपलेली आणि काजळी धरलेली ट्रेकची भांडी कशी साफ करावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रेकच्या मुक्कामात ओल्या लाकडांच्या चुलीवर खिचडी बुडाला लागली, भांडी तशीच सॅकमध्ये भरून घरी आली. आता जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा टोप, स्टीलचं पातेलं आणि नॉनस्टिक तवा तिन्ही काळीठिक्कर आहेत. तिन्हींत सोडा घालून उकळलं तर चालेल का?

स्टीलच्या पातेल्याला चालेल, किंबहुना तेच करा. जर्मनच्या टोपाला सोडा अजिबात नको आणि तव्याचा विचार वेगळाच करावा लागेल. आधी धातू बघायचा आणि मग उपाय ठरवायचा, कारण एका धातूवरचं काळं काढणारी वस्तू दुसऱ्या धातूलाच खाते.

भांड्याच्या बाहेरचं काळं आणि आतलं काळं यांतही फरक आहे. बाहेरची काजळी आधी काढा. ओलं लाकूड धुमसतं तेव्हा धुराबरोबर डांबरासारखा चिकटा वर येतो आणि काजळी त्यात बसते. म्हणून ती नुसत्या पाण्याने निघत नाही; आधी पाणी लावलंत तर हात, सिंक, ओटा सगळं काळं होईल. गॅलरीत जुनं वर्तमानपत्र पसरून भांडं त्यावर उपडं ठेवा आणि कोरड्या कागदाने जेवढी निघेल तेवढी काजळी पुसून घ्या. मग खाण्याचं कोणतंही तेल, तळणीचं उरलेलंही चालेल, चमचा-दोन चमचे घेऊन बुडाला आणि कडांना चोळा. वीस मिनिटांत चिकटा सैल होतो. पुन्हा कागदाने पुसा आणि त्यानंतरच कढत पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि काथ्या घ्या.

एवढं करूनही बुडावर एक काळपट, गुळगुळीत थर राहील. तो हाताला लागत नसेल तर माझ्या मते राहू द्यावा. चुलीसाठीच ठेवलेल्या टोपाचं बूड काळं असलं तर ते आच चांगली शोषून घेतं. घरच्या ओट्यावर वापरायचं भांडं असेल तरच पुढची मेहनत घ्या.

आता स्टीलच्या पातेल्याचं आतलं बूड. करपलेल्या भागावर दोन-तीन बोटं पाणी येईल इतकं पाणी घाला आणि लिटरमागे दोन मोठे चमचे खायचा सोडा टाका. धुण्याचा सोडा जास्त तीव्र असतो, तो असेल तर एक चमचा पुरे, पण मग हातमोजे घाला. मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळू द्या, गॅस बंद करा आणि पाणी कोमट होईपर्यंत थांबा. हे थांबणं महत्त्वाचं आहे. सोडा हा अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. तो करपलेल्या थरातलं तूप-तेल साबणासारखं करतो आणि डाळ-तांदळाचा चिकटा फुगवतो, पण त्याला वेळ लागतो. मग लाकडी उलथन्याने कडेकडून ढकला, पापुद्रे सुटतील. पहिल्या खेपेला अर्धंच निघालं तर जोर लावू नका, पाणी बदलून तेच पुन्हा करा. हट्टी डागावर तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी असा दाट लेप लावून, वर ओलं फडकं टाकून रात्रभर ठेवा. फडकं अशासाठी की लेप वाळला तर त्याचं काम थांबतं.

पातेलं सँडविच बुडाचं असेल तर बुडाची कड नीट बघा. स्टीलच्या दोन थरांमध्ये ॲल्युमिनियमची चकती असते आणि काही भांड्यांत तिची कड उघडी दिसते. तशी असेल तर पातेलं बाहेरून सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवू नका. तापलेल्या भांड्यावर गार पाणीही ओतू नका; बूड एकदा वाकलं की सपाट शेगडीवर कायम डगमगत राहतं.

काळं निघाल्यावर स्टीलवर निळसर-पिवळी झाक दिसली तर ती घाण नाही. जास्त तापल्याने धातूवरचा ऑक्साइडचा थर जाड झालेला असतो. चमचाभर व्हिनेगर किंवा लिंबाची फोड फिरवा, दोन मिनिटांत जाते.

बरेच जण सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकायला सांगतात. फेस छान येतो, पण तो दोघांनी एकमेकांना मारल्याचा फेस असतो. मागे उरतं ते जवळजवळ निकामी खारट पाणी. मी हे दोन्ही कधीच एकत्र वापरत नाही. आधी सोडा, भांडं धुवायचं, आणि गरज पडली तर मग आंबट.

जर्मनचा टोप. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचं पातळ कवच असतं आणि गरम सोडा ते विरघळवतो. धुण्याचा सोडा घालून उकळलात तर उघड्या धातूतून बारीक बुडबुडे निघताना दिसतील, ते हायड्रोजनचे असतात. टोप पांढरा होण्याऐवजी आणखी काळपट पडेल. इथे उलट, आंबट लागतं. आधी गरम पाणी आणि दोन चमचे लिक्विड घालून पंधरा मिनिटं मंद उकळा, जेवढं सुटेल तेवढं लाकडाने काढा आणि टोप धुऊन घ्या. मग लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व, किंवा लिंबाएवढा चिंचेचा गोळा कुस्करून घाला आणि दहा-पंधरा मिनिटं उकळा. आम्ल करपलेल्या थराखालचं कवच किंचित विरघळवतं, त्यामुळे थराची पकड सुटते. ते पाणी फेकून द्या, स्वयंपाकात वापरू नका. रात्रभरही ठेवू नका, आणि मीठ तर घालूच नका. मीठ आणि आंबट एकत्र राहिलं की ॲल्युमिनियमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि पुढच्या वेळी अन्न नेमकं तिथेच धरतं. तारेची घासणी शेवटचा उपाय, तीही हलक्या हाताने.

टोप मुळातच काळपट-राखाडी, हार्ड ॲनोडाइज्ड प्रकारचा असेल तर तो रंग म्हणजेच त्याचं कवच आहे. त्याला लख्ख करायला जाऊ नका. लिक्विड, गरम पाणी आणि नायलॉनची घासणी, बस.

नॉनस्टिक तव्याला मी फारशी संधी देणार नाही. त्याचा लेप साधारण 260 अंश सेल्सिअसच्या वर खराब होऊ लागतो आणि लाकडाच्या जाळावर रिकामा तवा ती मर्यादा सहज ओलांडतो. गरम पाणी, लिक्विड आणि एक चमचा खायचा सोडा तव्यात घालून तासभर ठेवा, मग मऊ स्पंजने पुसा. खालचा लेप अखंड असेल तर वापरा. फुगा, पापुद्रा किंवा चमकणारा धातू दिसला तर तो तवा स्वयंपाकातून काढून टाका. आणि यापुढे नॉनस्टिक चुलीवर नेऊ नका.

एक कळकळीची विनंती: टॉयलेट क्लीनर, नाली मोकळी करायची पावडर आणि ब्लीच भांड्यांपासून लांब ठेवा. पहिल्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल स्टीललाही खड्डे पाडतं, दुसऱ्यातला कॉस्टिक सोडा जर्मनचं भांडं खातो, आणि आम्ल व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो.

पुढच्या वेळी चुलीवर ठेवण्याआधी टोपाला बाहेरून भांड्यांच्या वडीचा दाट थर चोळा, किंवा माती-राखेचा लेप द्या. काजळी त्या थरावर बसते आणि धुताना थरासकट निघून जाते. आतून लागलंच तर टोप गरम असतानाच त्यात गरम पाणी घालून झाकून ठेवा; वाळलेला थर घरी येईपर्यंत दगड होतो. राखेने घासायला हरकत नाही, राखही अल्कलीच आहे. स्टीलला ती उत्तम. जर्मनला लावलीत तर लगेच धुवा, ओली राख चिकटून राहू देऊ नका. मात्र गडावरच्या टाक्यात भांडी बुडवू नका. दगडात खोदलेल्या त्या टाक्यांत पावसाचंच पाणी वर्षभर साठून राहतं आणि तेच सगळे पितात. पाणी बाटलीत भरून टाक्यापासून निदान 60 मीटर लांब जा, खरवडलेलं अन्न पिशवीत गोळा करा आणि धुवण पसरट मातीवर शिंपडा. घरी नेताना प्रत्येक भांडं वेगळ्या कापडी पिशवीत घाला, नाहीतर एकाची काजळी दुसऱ्याच्या आत जाते.