हात काळे न करता मागचं चाक

प्रश्न : शाळा घरापासून चार किलोमीटर. पांदणीतून जाताना मागच्या चाकात बाभळीचा काटा घुसतोच. चाक काढायला गेलं की दोन्ही हात आणि ओढणी काळी होते. सायकल बिनगिअरची, अर्ध्या चेनकव्हरची आहे. काय करावं?
– एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, नुसत्या पंक्चरसाठी चाक काढूच नका. पोतं अंथरून सायकल उलटी करा. उरलेली हवा सोडा, व्हॉल्व्हचं नट काढा आणि डावीकडून, म्हणजे चेन नसलेल्या बाजूने, टायरची कड चमच्याच्या दांड्याने रिमबाहेर घ्या. पेचकस नको, ट्यूब चिमटते आणि दुसरं भोक पडतं. ट्यूब तिथेच बाहेर ओढून पंक्चर काढा. ती परत घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काट्याचं टोक राहिलं असेल तिथे कापसाचे तंतू अडकतात. टोक तसंच राहिलं तर शाळेत पोचायच्या आत पुन्हा हवा जाईल.

टायर किंवा ट्यूब बदलायची असेल तेव्हा मात्र चाक उतरवावंच लागतं. नटाला बसणारा पाना (बहुतेक नव्या सायकलींना १५ चा), हातात घालायला दोन पन्न्या आणि वीतभर पऱ्हाटीची काडी जवळ घ्या. ब्रेक सोडवा. चेन ताणायच्या बोल्टचे किती आटे बाहेर आहेत ते मोजून मग तो सैल करा. एक्सलची नटं काढताना कॅरिअर-मडगार्डच्या पट्ट्या आणि वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा. आता चाक पुढे ढकला, चेन ढिली पडेल. काडीने ती फ्रीव्हीलच्या दातांवरून उचला, एक्सलच्या टोकाबाहेर काढा आणि चाक मागे ओढून घ्या. हात फक्त टायरला लागला पाहिजे.

बसवताना आधी काडीनेच चेन चढवा, मग चाक मागे ओढा. चेन मधोमध दाबली की साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. जास्त ढिली असली तर उतरते, फार ताणली तर पायडल जड जातं आणि बेअरिंग झिजतं. चाक दोन्ही दांड्यांच्या मधोमध आहे ना ते पाहून नटं आलटून-पालटून कसा. ब्रेक जोडल्याशिवाय सायकलवर बसू नका.

प्रश्न : गिअरच्या सायकलला हेच चालेल का? आणि चेन इतकी काळी का होते?
– एक वाचक, अचलपूर

उत्तर : गिअरला पद्धत सोपी आहे. काढण्याआधी पायडल फिरवत मागची चेन सर्वांत लहान चक्रीवर आणा. ब्रेक सोडवा, नट किंवा खटका सैल करा. पन्नी घातलेल्या हाताने गिअरचं मशीन (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) मागे दाबून धरा, चाक निघून येतं. बसवतानाही चेन त्याच लहान चक्रीवर ठेवा.

जादा तेलाला धूळ चिकटते, त्यात चेनच्या झिजेची लोखंडी भुकटी मिसळते आणि तो काळा चिखल तयार होतो. ट्रॅक्टरचं जळकं ऑइल चेनला घालू नका, त्यात ही घाण आधीच असते. जवसाचं तेल तर मुळीच नको, ते वाळून चिकट होतं. मशीनचं पातळ तेल प्रत्येक कडीत एक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल चिंधीने पार पुसून घ्या. तेल आत पिनेला लागतं, बाहेर नाही.

एवढं करूनही हात माखले तर पाणी लावायच्या आधी चमचाभर गोडतेल चोळा, कोरड्या चिंधीने पुसा आणि मगच साबण लावा.