जुन्या एस्टीमला टर्बो बसवतोय, बाहेरचा ईसीयू कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 2001 ची एस्टीम, 1.3 चं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन, छोटा टर्बो लावून अर्धा बार बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, द्यायचाय. गाडी सोलापुरात रोज वापरायची, अधूनमधून ट्रॅकवर न्यायची. मग ईसीयू, म्हणजे इंधन आणि ठिणगी कधी-किती द्यायची ते ठरवणारा संगणकाचा डबा, कुठला: हॉलटेक, लिंक, मेगास्क्वर्ट की स्पीडुइनो?

मी होटगी रोडला गाड्यांचं वायरिंग आणि इंजेक्शनचं काम करतो. गिऱ्हाईक हाच प्रश्न घेऊन आलं की मी आधी विचारतो, मॅपिंग, म्हणजे ईसीयूतली इंधनाची आणि ठिणगीच्या टायमिंगची टेबलं भरायचं काम, कोण करणार? त्या माणसाचं नाव ठरलेलं नसेल तर डब्याचं नाव ठरवण्यात अर्थ नाही. आपल्याला डायनोसाठी (गाडी जागेवर पळवून ताकद मोजायचं यंत्र) पुणं गाठायचं, म्हणजे अडीचशे किलोमीटर. तिथला जो ट्यूनर तुमची गाडी घेणार आहे, तो रोज कुठल्या सॉफ्टवेअरवर बसतो ते आधी विचारा. हात बसलेला माणूस साध्या डब्यातूनही स्वच्छ चालणारी गाडी काढून देतो. नवीन सॉफ्टवेअर तुमच्याच गाडीवर शिकायला बसलेला माणूस महागड्या डब्याचं वाटोळं करतो, आणि डायनोचं तासाचं बिल तुमच्या नावावर फाडतो.

दुसरी अट पैसे देण्याआधी घाला: मॅपची फाइल आणि पासवर्ड माझ्या हातात पाहिजे. एका गिऱ्हाईकाच्या होंडा सिटीत चांगल्या नावाचा परदेशी ईसीयू होता. बसवणाऱ्याने मॅपला पासवर्ड टाकला आणि पुढे फोन उचलणं बंद केलं. उन्हाळ्यात गाडी गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारला की नुसती खोकायची, धरायचीच नाही. काम काय, तर गरम स्टार्टिंगच्या टेबलात चार आकडे बदलायचे. पण आतच शिरता येईना. शेवटी सगळं पुसून बेस मॅपपासून, म्हणजे सुरुवातीच्या कच्च्या मॅपपासून, पुन्हा करावं लागलं, म्हणजे ट्यूनिंगचा खर्च दुप्पट.

आता गाडीकडे वळू. डब्याच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही, पण निम्म्या गाड्या अडतात त्या क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) सिग्नलवर. इंजिन या क्षणी किती अंशावर आहे हे ईसीयूला कळलं नाही तर बाकीची टेबलं कितीही बारीक भरा, उपयोग शून्य. जुन्या इंजिनात हा सिग्नल बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरमधून किंवा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमच्या टोकाकडून येतो. कॅम फिरतो टायमिंग बेल्टवर, त्यामुळे बेल्टची ढिलाई सिग्नलमध्ये उतरते. साध्या इंजिनाला ते खपून जातं. बूस्टवर एक-दोन अंश इकडचे तिकडे झाले तर पिस्टनवर बेततं. म्हणून क्रँकच्या पुलीवर 36 वजा 1 दातांची चकती बसवा, म्हणजे छत्तीस दातांची जागा आणि त्यातला एक दात गायब. एमआयडीसीतला लेथवाला करून देईल, फक्त चकती डगमगता कामा नये आणि सेन्सरची फट 1 मिलिमीटरच्या आत राहिली पाहिजे.

सेन्सर दोन वायरचा असेल तर तो सहसा चुंबकी प्रकारचा असतो, तीन वायरचा असेल तर हॉल. चुंबकीच्या दोन वायरी उलट जोडल्या तरी गाडी चालू होते, आणि गोम तिथेच आहे. गायब दातापाशी सिग्नल भलत्या जागी शून्य ओलांडतो आणि टायमिंग आरपीएमबरोबर सरकत जातं. तपासायची पद्धत सोपी आहे. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 अंशांवर लॉक करायचं, पुलीवर टायमिंग लाइट मारायचा आणि रेस हळूहळू चारेक हजारापर्यंत न्यायची. खूण जागेवर खिळल्यासारखी दिसली पाहिजे. सरकत असेल तर इंजिन बंद करा, वायरी अदलाबदल करा, पुन्हा बघा. ही तपासणी तुमच्यासमोर न करता जो थेट बूस्ट मारायला निघतो, त्याच्याकडून गाडी परत घेऊन या.

आपल्याकडच्या दोन गोष्टी परदेशी व्हिडिओत सापडणार नाहीत. पहिली, पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल (त्यातलं काही आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं असणार, तेवढाच अभिमान). शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, ई20 ला साधारण 13.5. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के इंधन जास्त. जुन्या बेस मॅपवर गाडी लीन, म्हणजे इंधन कमी पडून, चालेल. म्हणून मीटरवर हवा-इंधनाचा आकडा न वाचता लॅम्डा वाचायची सवय लावा, पेट्रोल कुठलंही असो, 1 म्हणजे बरोबर. त्यासाठी वाइडबँड सेन्सर लागतो, बॉशचा एलएसयू 4.9 हा सगळीकडे चालतो. गाडीच्या मूळ ऑक्सिजन सेन्सरला रिच की लीन एवढंच कळतं, किती ते कळत नाही. जुन्या रबरी फ्युएल पायपाही याच निमित्ताने बदला.

दुसरी, ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर, बॉनेटखाली तर विचारूच नका. हवेच्या तापमानाचा सेन्सर टर्बोजवळ लोखंडी पायपात बसवला तर सात रस्त्याच्या सिग्नलला उभ्या गाडीत तो पायपाचंच तापमान सांगत बसतो. तो हवा थंड करणारा इंटरकूलर ओलांडल्यावर, थ्रॉटलच्या अलीकडे घ्या आणि तापमानानुसार टायमिंग मागे घेणारं टेबल नीट भरून घ्या. ईसीयू डॅशबोर्डखाली, केबिनमध्येच बसवा. आणि एसी! लोक इंजेक्टर आणि कॉइल मोजतात, एसी विसरतात. सोलापुरात मे महिन्यात एसी काढून टाकायला कुणी तयार होणार नाही. चार इंजेक्टर, दोन किंवा चार कॉइल, पंपाची रिले, पंखा, आयडल व्हॉल्व्ह, एसीची रिले, बूस्टचा सोलेनॉइड, आरपीएम मीटर: एवढे आउटपुट कागदावर लिहा आणि मगच मॉडेल बघा. एसी लागताच आयडल उचलणं आणि फुल एक्सलेटरला कंप्रेसर सोडणं, ही दोन कामं येत नसतील तर तो ईसीयू रोजच्या गाडीसाठी नाही.

आता नावं. मोटेक उत्तम, पण या एस्टीमवर नाकापेक्षा मोती जड. हॉलटेक ऑस्ट्रेलियाचा, लिंक न्यूझीलंडचा. दोन्ही भरवशाचे, दोन्हींत ऑइल प्रेशर पडलं किंवा बूस्टवर मिश्रण लीन झालं की इंजिन स्वतःहून कट करायची सोय लावता येते, आणि माझ्या मते पैसे द्यावेत ते यासाठी. मात्र सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये नॉक (मिश्रण आपोआप पेटून बसणारा ठोका) ऐकायची सोय असेलच असं धरून चालू नका, डेटाशीट वाचा. तुमच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 74 मिलिमीटर, म्हणजे नॉकचा आवाज पावणेआठ किलोहर्ट्झच्या आसपास येईल, ट्यूनरला तिथून शोधायला सांगा. आयात ड्यूटी, वायरिंगचा हार्नेस, सेन्सर धरून हे प्रकरण लाखाच्या पुढे सहज जातं.

मेगास्क्वर्ट ही बाउलिंग आणि ग्रिपो या दोघा अमेरिकन गृहस्थांची देणगी. स्पीडुइनो अर्डुइनो मेगावर चालतो, बराच स्वस्त. दोन्हींवर ट्यूनरस्टुडिओ हे एकच सॉफ्टवेअर चालतं, ते शिकायला छान. पण स्पीडुइनोच्या साध्या बोर्डावर नॉकची सोय नाही, आणि डब्याला पाणी-धुळीपासून संरक्षण तुम्हालाच द्यायचं. सोल्डरिंग येत असेल, रात्री लॅपटॉप घेऊन गाडीत बसायची हौस असेल, तरच घ्या. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिकसारखा पिगीबॅक मूळ ईसीयूचे सिग्नल मधेच वळवतो. साध्या इंजिनाला ठीक, पण टर्बोला मी सुचवणार नाही.

तुमच्या गाडीला मी स्वतः काय लावेन? पुण्यातला ट्यूनर लिंक किंवा हॉलटेक करत असेल तर तो जे करतो तेच, नॉकची सोय असलेलं मॉडेल. सोबत 2.5 बारचा मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा, टेबलांच्या मॅपशी याचा संबंध नाही). अर्धा बार बूस्ट म्हणजे एकूण दाब 150 किलोपास्कलच्या आसपास, मूळ सेन्सर तिथपर्यंत पोचत नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर आहे, त्यामुळे इंजिन बंद असताना मॅप सेन्सर 96 किलोपास्कलच्या आसपास दाखवेल. 100 दिसला तर कॅलिब्रेशन चुकलंय. मूळ इंजिन 85 अश्वशक्तीचं. 120 पर्यंत जायचं असेल तर मिनिटाला 270 ते 300 सीसीचे हाय इम्पिडन्स इंजेक्टर पुरतात, त्याहून मोठे घेतले तर आयडल बिघडेल. सेन्सरचं अर्थिंग थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला, कॉइलचं वेगळं, इंजिनवर. क्रँकची वायर शिल्डेड. जोड पिळून वर टेप गुंडाळणाऱ्याला या गाडीला हात लावू देऊ नका. हलक्या लोडचा मॅप रस्त्यावर करता येतो, लॅपटॉपवर दुसरा माणूस बसवून. फुल बूस्टचं काम मात्र डायनोवरच. हैदराबाद हायवेवर ते करू नका.

कायद्याचंही सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, आणि मालकाला प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात तुमची गाडी पंधरा वर्षांपलीकडची, दर पाच वर्षांनी आरटीओत पासिंगला उभी करायची. अपघात झाला तर विमावालाही बोट दाखवणार. हे गृहीत धरून बजेट ठरवा. काही जण म्हणूनच गाडी ट्रेलरवर नेऊन फक्त ट्रॅकवर चालवतात.

तूर्तास एक करा. सिग्नल देणारा सेन्सर दोन वायरचा आहे की तीन, आणि पुलीभोवती चकती बसवायला किती जागा आहे, एवढं बघून फोटोसह कळवा. ट्यूनरचं उत्तर येईपर्यंत ते काम इथंच उरकता येईल.