हायवेचं काम चालू असतं तिथेच ॲक्सिडेंट का?

प्रश्न : गेल्या गणपतीत मुंबईहून लांज्याला येत होतो, संगमेश्वरच्या अलीकडे काम चालू होतं, पुढच्या गाड्या डायव्हर्जनला थांबल्या म्हणून मिस्टरांनी ब्रेक मारला आणि मागून टेम्पो येऊन डिकीत घुसला. लागलं कुणाला नाही, पण मखराचा चुरा झाला. काम चालू असेल तिथे सगळेच हळू चालवतात ना, मग असं का होतं? – एक वाचक, लांजा

उत्तर : ताई, मखर गेलं, माणसं वाचली, बाप्पाची कृपा. पण सगळे हळू चालवतात असं नसतं हो. एक जण ४० ने, त्याच्या मागचा ८० ने, खरी गोची इथेच आहे, म्हणून कामाच्या जागी मागून ठोकण्याचेच प्रकार जास्त. आपल्या ६६ नंबरवर, म्हणजे मुंबई-गोवा हायवेवर तर बराच वेळ गुळगुळीत काँक्रीट, पायाला सवय लागते आणि मग अचानक ड्रम लावलेले, रस्ता उजवीकडे. ८० च्या स्पीडला गाडी सेकंदाला २२ मीटर पळते, दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत अडीच सेकंद धरले तर ५५ मीटर तसेच गेले, ते धरून पूर्ण थांबायला १२० मीटर लागतात असं मानतात. आता बोर्डच वळणाच्या पलीकडे असेल तर ड्रायव्हर करणार काय?

खरं तर इंडियन रोड काँग्रेस ही रस्त्यांचे नियम ठरवणारी संस्था, तिच्या एसपी ५५ या कामाच्या जागेसाठीच्या नियमावलीत सगळं लिहिलंय, आधी लांबून सूचना, मग लेन हळूहळू अरुंद, मग काम, मग रस्ता परत मोकळा. आपल्याकडे काही ठिकाणी सूचना म्हणजे चुना फासलेले चार दगड, रात्री पावसात ते दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि डंपरच्या टायरला लागून येणारी ती तांबडी माती! वर एक भुरभुर सर आली की साबणासारखी होते, बाईकवाले आडवे होतात ते तिथेच. काँक्रीटची कडा आणि साईडपट्टी यात वीतभर उंचीचा फरक असला की बघायलाच नको. शिवाय एकाच बाजूने दोन्हीकडची वाहतूक सोडलेली असते, हे विसरून ओव्हरटेक मारणारे महाभाग आहेतच.

तुमच्या हातात एवढंच, पहिला बोर्ड दिसला की लगेच स्पीड उतरवा, डायव्हर्जन दिसायची वाट बघू नका. आणि रांगेत तुम्ही शेवटचे असाल तर चारही इंडिकेटर चालू ठेवा, मागे अजून एक गाडी येऊन थांबली की मगच बंद करा.