मावशींवरचा आळ आधी उतरवा

प्रश्न : मी ४३ वर्षांचा, सांगलीत नोकरीला. रोज संध्याकाळी क्वार्टर लागते, हल्ली सकाळी हात थरथरतात. दोन महिन्यांपूर्वी मुलीच्या सहलीचे ३,००० रुपये कपाटातून मीच घेतले. आळ कामवाल्या मावशींवर आला. बायकोने त्यांना काढून टाकलं आणि मी गप्प बसलो. आता दारू सोडायची शपथ घेतोय. ताई, एवढं पुरेल का?

उत्तर : नाही, दादा. शपथेने मावशींचं गेलेलं काम परत येत नाही.

पत्रातलं ‘मी गप्प बसलो’ मला फार लागलं. पैसे उचलताना तल्लफ होती असं म्हणू. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण शुद्धीत, तुम्ही एका गरीब बाईला चोर ठरू दिलंत. दारू आधी लपवायला शिकवते, मग ते लपवण्यापायी दुसऱ्याचा बळी द्यायला लावते. चोरीचा आळ घेऊन निघालेल्या बाईला त्या गल्लीत दुसरं काम कोण देतं?

आजच बायकोला सांगा. ती चिडेल, चिडू दे. मग दोघं मावशींच्या घरी जा, माफी मागा, बुडालेला पगार हातात द्या. शेजारीपाजारी जिथे जिथे ही गोष्ट पोचली, तिथे ‘पैसे मी घेतले होते’ हे तुमच्याच तोंडून जाऊ द्या. परत कामाला यायचं की नाही, ते मावशी ठरवतील.

आणि दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. हात थरथरतात म्हणजे शरीराला ती लागली आहे. एकाएकी तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येते, भास होतात, जिवावरही बेततं. उद्याच डॉक्टरांकडे जा, त्यांना रोजचा आकडा खरा सांगा. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे ३५ दिवस राहून उपचार होतात. रजा काढा. १४४४६ या सरकारी हेल्पलाइनवरही विचारता येईल. पुढे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या सभांना जात राहा. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. त्यांच्या दारूतून बाहेर पडण्याच्या बारा पायऱ्यांतही आपण दुखावलेल्यांची भरपाई करण्याची पायरी आहे. मध्येच घसरलात तर त्याच दिवशी बायकोला सांगा.

मुलीलाही सांगा. तिच्या लेखी मावशी अजून चोरच आहेत.