मधुमेहींसाठीची मऊ चप्पल घेतली तर वडिलांच्या पायाला जखम होणार नाही ना?

माझ्या दादालाही असंच वाटलं होतं. बाबांना मऊ चप्पल आणून दिली आणि म्हणाला, "आता पायाची काळजी मिटली."

बाबांच्या उजव्या चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी, तेव्हाही घट्टा होता. तो दाखवून या म्हणून मी मागे लागायचे. दादाचं उत्तर ठरलेलं: "दुखतंय का त्यांना? आणि साखर बघ किती छान आहे." साखर छानच होती, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी (HbA1c) सात टक्क्यांच्या आत. एका संध्याकाळी त्यांचा मोजा काढताना मला तळाला तपकिरी डाग दिसला. डॉक्टरांनी घट्टा तासला, तर खाली खोल जखम. तासताना बाबा शांत बसून होते. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली.

मग डॉक्टरांनी नायलॉनचा एक धागा त्यांच्या तळव्याला टेकवला. तो वाकतो तेव्हा १० ग्रॅमचा जोर पडतो. डोळे मिटून "लागलं" एवढंच म्हणायचं होतं. चवड्यावर बाबा एकदाही म्हणाले नाहीत. तुम्हाला-मला बूट टोचला की आपण नकळत पाऊल तिरकं टाकतो. बाबा त्याच एका जागेवर हजारो पावलं टाकत राहिले. जास्त दाबामुळे घट्टा येतो आणि आला की तोच दाब आणखी वाढवतो, बुटात अडकलेल्या खड्यासारखा.

दादा आजही म्हणतो, साखरेमुळे झालं. नसा साखरेनेच गेल्या, मान्य, पण त्या कित्येक वर्षांपूर्वी. आजची चांगली साखर गेलेली जाणीव परत आणत नाही. जखम केली ती दाबाने, आणि तो कमी केल्याशिवाय ती भरली नाही. आधी काढता येणारा बूट दिला होता, तर बाबा घरात आले की काढून ठेवायचे. घरातली पावलं जणू मोजायचीच नाहीत! शेवटी गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं, तेव्हा काही आठवड्यांत भरली. भरलेली जखमही दहापैकी सुमारे चार जणांना वर्षभरात पुन्हा होते, म्हणून मी अजून रोज त्यांचे तळवे बघते.

तुमच्या चप्पलेचं म्हणाल, तर नुसता मऊपणा कामाचा नाही. मऊ गादी चवड्याखाली दबून चपटी होते. संवेदना गेली असेल तर पायाचं माप घेऊन केलेला, दाब पसरवणारा तळ हवा, आणि पादत्राण आतून पायापेक्षा १ ते २ सेंटिमीटर लांब हवं. घरातही घालायचं, घालण्याआधी आत हात फिरवायचा. घट्टा घरी ब्लेडने कापू नका, त्यावर मिळणारं औषधही लावू नका.

एक राहिलं. प्लास्टर सगळ्यांना चालत नाही. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल किंवा जखमेत जंतुसंसर्ग असेल तर त्याने उलट नुकसान होऊ शकतं, तेव्हा ते आधी तपासून घ्या. लाली, सूज, वास किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि वडिलांची धाग्याची तपासणी कराल तेव्हा "दुखत नाही ना" म्हणणाऱ्या माणसाला शेजारी बसवा. मी त्या दिवशी दादाला नेलं नाही, आणि आमचा वाद अजून तिथेच अडलाय.