सर्व्हिस डेस्कच्या यादीतले जुने अ‍ॅप्लिकेशन कोड डिलीट करावेत का?

तुम्ही लातूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यात आयटी बघता. तिकीट म्हणजे तक्रार नोंदवताना उघडणाऱ्या ड्रॉपडाउनमध्ये, तक्रार कोणत्या सॉफ्टवेअरची हे सांगणारे दीडशेवर अ‍ॅप्लिकेशन कोड साचलेत, त्यातले निम्मे बंद सॉफ्टवेअरचे, ते डिलीट करावेत का, असं तुम्ही विचारलंय.

डिलीट अजिबात करू नका. मी वाळूज एमआयडीसीत हेल्पडेस्क सांभाळतो आणि ही चूक माझ्या हातून झालेली आहे. जुन्या पेरोलचा कोड कुणी वापरत नाही म्हणून एका शनिवारी काढून टाकला. पुढच्याच आठवड्यात ऑडिटवाल्यांनी त्या पेरोलच्या दोन वर्षांच्या तक्रारी मागितल्या. तिकिटं जागेवर होती, पण अ‍ॅप्लिकेशनचा रकाना सगळीकडे कोरा. एकेक तिकीट वाचून ती वेगळी काढण्यात तीन दिवस गेले.

कोड पुसायचा नाही, बंद करायचा. जिरा (Jira) या तिकिटांच्या सॉफ्टवेअरमध्ये पर्याय 'डिसेबल' केला की नव्या तिकिटात तो निवडता येत नाही, जुन्यात मात्र तसाच राहतो. ओएसतिकीट (osTicket) या तशाच सॉफ्टवेअरच्या कस्टम लिस्टमध्येही ही सोय आहे, सर्व्हिसनाऊमध्ये चॉइस 'इनअ‍ॅक्टिव्ह' करतात. आणि बंद केलेला कोड दुसऱ्या अ‍ॅप्लिकेशनला कधीच देऊ नका, नाहीतर जुन्या-नव्या तक्रारींची खिचडी होते.

कोडमध्ये गावाचं किंवा विभागाचं नाव घालू नका, हेही तितकंच महत्त्वाचं. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. गाड्यांवरचे एमएच २० आणि एमएच २५ मात्र तेच राहिले, कारण त्या आकड्यांत गावाचं नावच नव्हतं. आमचा कोड होता 'एयूआर-स्टोअर', त्यातलं एयूआर म्हणजे औरंगाबाद. नाव बदललं तसा कुणीतरी नवा कोड उघडला, जुनाही चालूच राहिला, आणि एकाच स्टोअरच्या तक्रारी दोन ठिकाणी विभागल्या. आता आम्ही 'एपीपी-०४७' असा नुसता क्रमांक देतो. आधीचं शून्य सोडू नका. नाहीतर मजकूर म्हणून क्रम लागला की १० हा ९ च्या आधी येतो.

पण नुसता क्रमांक बघून माणसाला काय कळणार? वजनकाट्यावरचा गडी रात्री दोनला फोन करतो तेव्हा तो 'साहेब, काट्याची पावती निघंना' एवढंच सांगतो. म्हणून यादीत 'एपीपी-०४७ वजनकाटा पावती' असं दिसू द्या, त्याच्या तोंडचाच शब्द ठेवा. नाव पुढेमागे बदला, क्रमांकाला हात लावू नका. 'इतर' हा पर्यायही असावा, पण महिन्यातून एकदा त्यातली तिकिटं उघडून वाचा. तिथे एकाच गोष्टीच्या तक्रारी दिसू लागल्या की त्या अ‍ॅप्लिकेशनला कोड द्यायचा राहून गेलाय.

नवा कोड उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. कोड देतानाच त्या अ‍ॅप्लिकेशनचा जबाबदार कोण आणि तिकीट कोणत्या टीमकडे जाणार, हे लिहून घ्या.

बंद काय करायचं हे ठरवताना तीन महिन्यांचा रिपोर्ट काढू नका. जुलैत बघितलं तर ऊसतोडीच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर मेलेलंच वाटेल. गाळप सुरू झालं की पहिल्याच दिवशी त्याच्या तक्रारी येतात. निदान मागच्या दोन हंगामांची तिकिटं मोजा आणि शून्यावर दिसणाऱ्या प्रत्येक कोडबद्दल आधी शेतकी आणि अकाउंट्स विभागाला विचारून घ्या.